युद्धाचा हिशेब आणि जाब : काशीच्या मराठी परिसरातील तीन संहिता

मराठीतील युद्धविषयक लेखनाची चर्चा बहुधा पोवाडा आणि बखर या दोन वाङ्मयप्रकारांपासून सुरू होते आणि वीररसाच्या निकषांवर येऊन थांबते. युद्धाला विरोध करणारी, युद्ध करणाऱ्या सत्तेला जाब विचारणारी जाणीव मराठीत पहिल्या महायुद्धानंतर, युरोपीय वाङ्मयाच्या परिचयातून अवतरली, असे त्यामागे एक न बोललेले गृहीतक असते. हे गृहीतक ज्या पुराव्यावर उभे आहे तो पुरावा मुख्यतः लढणाऱ्यांच्या आणि त्यांच्या आश्रितांच्या बाजूने गोळा झालेला आहे. लढाईच्या वाटेत सापडलेला, हाती शस्त्र नसलेला माणूस काय लिहितो, कोणाला लिहितो आणि कोणत्या भाषेत लिहितो, असा प्रश्न केला की चित्र बरेच बदलते. त्यासाठी महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी वस्तीकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

वाराणसीतील पंचगंगा घाट आणि बालाजी घाट यांच्या वरच्या अंगाला मंगला गौरीचे देवालय आहे. काशीखंडाने या स्थानाची सांगड गभस्तीश्वराशी आणि सूर्याच्या तपश्चर्येशी घातली आहे. श्रावणातल्या मंगळवारी पतीच्या दीर्घायुष्यासाठी पूजेला बसणाऱ्या मराठी नवविवाहितांना मात्र हे देवीचे नाव घरच्या व्रतामुळेच अधिक ओळखीचे असते. जवळच बिंदुमाधव आहे, त्याच्या देवळाचा संबंध औंधच्या पंतप्रतिनिधींशी आहे. दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट या गल्ल्यांत अठराव्या शतकापासून दक्षिणी कुटुंबांची दाट वस्ती झाली. एकनाथांनी १५७३ मध्ये आपले भागवत काशीतच पूर्ण केले, हे लक्षात घेता मराठी भाषेचा या नगरीशी असलेला संबंध पेशवाईपेक्षा बराच जुना आहे. पेशवाईने मात्र त्याचे स्वरूप बदलले. काशीतला मराठी माणूस आता केवळ यात्रेकरू किंवा विद्यार्थी राहिला नाही. दक्षिणेत ज्यांच्या फौजा वाढत होत्या त्यांचा तो स्वजातीय, स्वभाषिक आणि अनेकदा आश्रित होता, आणि त्याच वेळी अयोध्येच्या नवाबाचा प्रजाजन होता. फौज एकाची आणि गर्दन दुसऱ्याच्या हाती, अशी ही अवस्था. युद्धविषयक मराठी लेखनात तिला स्वतंत्र स्थान द्यावयास हवे.

या अवस्थेचा पहिला नमुना म्हणजे काशीहून दक्षिणी मंडळींनी धाडलेला पत्रव्यवहार. त्यातील काही पत्रे राजवाड्यांच्या साधनखंडांतून प्रसिद्ध झाली आणि पुढे अ. स. आळतेकर, मोतीचंद्र आदी काशीच्या इतिहासकारांनी त्यांचा उपयोग केला. १७४२ ते १७५१ या दशकात उत्तरेतील मराठी मोहिमांच्या ओघात ज्ञानवापीची मशीद पाडून विश्वेश्वराचे देवालय उभारण्याचा मल्हारराव होळकरांचा मनोदय काशीत चर्चिला जात होता. त्या संबंधीच्या पत्रातला आशय असा : मल्हाररावांची मोठी फौज जवळपास आहे, मनात हे काम आहे, परंतु काशीतील पंचद्रविड ब्राह्मण चिंतेत पडले आहेत. बादशहाच्या हुकुमावाचून असे काही घडले तर क्रोध उतरेल तो फौजेवर नव्हे, काशीत राहणाऱ्यांवर. या प्रांतात यवन प्रबळ आहे. नको म्हणावे तर देवकार्याला नको म्हटल्याचा दोष पदरी येतो. काम सुरूच झाले तर सर्वांनी मिळून विनंतिपत्र पाठवावे, एवढाच मार्ग उरतो.

हे पत्र अलीकडे ज्या वादांत पुराव्यादाखल पुढे केले जाते त्यांच्याशी प्रस्तुत विवेचनाला कर्तव्य नाही. येथे महत्त्वाची आहे ती पत्राची वक्तृत्वरचना. पत्रलेखकाचा उद्दिष्टाला विरोध नाही. श्रद्धेच्या पातळीवर तो मल्हाररावांच्याच बाजूचा आहे. तरीही तो एक अत्यंत व्यावहारिक प्रश्न मांडतो : या धाडसाची किंमत कोण मोजणार? आणि उत्तर देतो की ज्यांच्या नावाने ते होणार, तेच. सैन्य कूच करून जाते, रहिवाशाला कूच करता येत नाही. लष्करी चढाईला आतून, आपल्याच पक्षातून होणाऱ्या विरोधाची ही मूळ मांडणी आहे, आणि ती कोणत्याही शांततावादी तत्त्वज्ञानातून आलेली नाही. भित्रेपणाचा आरोप तिच्यावर करता येईल, तसा तो करणारे आहेतही. परंतु आरोप करणाऱ्याने आधी स्वतःला ब्रह्माघाटावर नेऊन ठेवावे. दक्षिणेत बसून काशीच्या शौर्याची अपेक्षा करणे स्वस्त असते.

पत्रातील दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ‘नको म्हणता येत नाही’ हे लेखकाने स्पष्ट नोंदवले आहे. म्हणजे विरोध करण्याच्या अडचणीचे वर्णन हाच येथे विरोध झाला आहे. युद्धाला पवित्र कारण लाभले की त्याविरुद्ध बोलणारा आपोआप अपवित्र ठरतो, ही यंत्रणा १८ व्या शतकातील एका कारकुनी गद्याने ओळखलेली दिसते. ती ओळखून त्याने विनंतिपत्राचा, तोही सामूहिक विनंतिपत्राचा, मार्ग सुचवला. मराठीत ‘जाब’ हा शब्द ‘जवाब’चाच संक्षेप आहे आणि ‘जबाबदार’ म्हणजे जवाब देणारा. काशीकरांना जाब विचारण्याचा अधिकार नव्हता. विनंती हे जाबाचे अधिकारहीन रूप होय.

बखरीकडे या संदर्भात थोडक्यात पाहता येईल. ‘भाऊसाहेबांची बखर’ पानिपताचा दोष कोणाचा हे सांगण्याच्या ओढीनेच लिहिली गेली आहे. जड सरंजाम आणि बायकामुले मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे हा मल्हारराव आणि सूरजमल यांचा सल्ला, तो न मानणारा भाऊ, आणि फौजेबरोबर उत्तरेतील तीर्थे करावीत म्हणून निघालेला बुणग्यांचा प्रचंड समुदाय, हे सारे तिच्यात आहे. १७६१ च्या त्या समुदायातील कित्येकांच्या मनात काशीच होती, हे विसरता येत नाही. पण बखरकाराचा हिशेब अखेर स्वभावदोष आणि प्रारब्ध या दोन खात्यांवर मांडला जातो. अहंकार नडला, काळ फिरला. अशा हिशेबात कोणी देणेकरी उरत नाही. बुणगे मोजले जातात ते ओझे म्हणून. त्यांच्या तोंडून बखर बोलत नाही.

बुणग्याच्या तोंडून बोलणारे पुस्तक मराठीत शंभर वर्षांनंतर तयार झाले. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडण्यासाठी द्रव्य मिळवावे म्हणून काकांसह १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता हे निमित्त होते. महूच्या वाटेवर शिपायांकडून बंडाची कुणकुण लागली आणि पुढची दोन-अडीच वर्षे हा दक्षिणार्थी भिक्षुक ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, ब्रह्मावर्त असा युद्धाच्या मागेपुढे फिरत राहिला. १८८३ च्या सुमारास, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून, त्याने हा वृत्तांत लिहून काढला. तो आपल्या हयातीत छापू नये अशी अट होती. वैद्यांनी ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, तोही संपादकीय हात फिरवून. मूळ हस्तलिखितानुसार दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती निघण्यास १९६६ साल उजाडले. हिंदीत अमृतलाल नागरांनी ‘आँखों देखा गदर’ या नावाने तो आणला, आणि इंग्रजीत २०११ नंतरच्या तीन-चार वर्षांत त्याची एकाहून अधिक भाषांतरे झाली.

मराठी समीक्षेने या पुस्तकाचे दोन प्रकारे स्वागत केले. एक, राणी लक्ष्मीबाईचे प्रत्यक्षदर्शी चित्र देणारा दस्तऐवज म्हणून. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी राणीची आणि गोडसेभटांची गाठ पडते तो प्रसंग यामुळेच पाठ्यपुस्तकी प्रसिद्धी पावला. दुसरे, भोळ्या, गोष्टीवेल्हाळ भटजीचे रसाळ प्रवासवर्णन म्हणून. इतिहासकारांनी त्याच्या ऐकीव माहितीतील चुका दाखवल्या, साहित्यिकांनी त्या चुकांसकट त्याच्या शैलीचे कौतुक केले. या दोन्ही वाचनांतून एक गोष्ट निसटते : पुस्तकाचा गाभा झाशीच्या पाडावानंतरचे दिवस हा आहे, आणि ते दिवस लिहिताना निवेदकाची भाषा बदलते.

सर ह्यू रोझच्या सैन्याने मार्च १८५८ च्या उत्तरार्धात झाशीला वेढा दिला आणि एप्रिलच्या आरंभी शहर पडले. त्यानंतरच्या सरसकट कत्तलीला गोडसे ‘बिजन’ म्हणतात. काका-पुतणे लपून राहतात, सापडतात, जवळचे द्रव्य देऊन सुटतात. लूट कशी झाली हे सांगताना निवेदक क्रम लावतो. आधी सोनेनाणे आणि रोकड, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कापडचोपड, शेवटी धान्य. ज्याने आयुष्यभर दक्षिणेचा आणि शिध्याचा हिशेब ठेवला त्याची नजर येथे काम करते. घर कसे रिकामे होत जाते हे त्याला नेमके कळते, कारण घर कसे भरते हे त्याला ठाऊक आहे. वीररसाच्या लेखनात लूट हा शब्द एकदा येतो आणि पुढे जातो. येथे लुटीची यादी होते. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नाशाबद्दलचा त्याचा विषाद याच यादीचा भाग आहे. पोथी ही त्याच्या लेखी उपजीविकेची वस्तू आहे आणि पूज्यही आहे. संस्कृतीच्या विध्वंसाबद्दल सर्वसामान्य विधाने करण्याची सवय त्याला नसल्यामुळे हा भाग अधिक बोचतो.

यादी करणारे हे गद्य निरागस आहे असे मानण्याचे कारण नाही. गोडसे राणीचा चाहता आहे, पण बंडवाल्यांनी केलेल्या लुटीही तो लपवत नाही. वाटेत त्याला लुटणारे सगळे एका पक्षाचे नाहीत. कंपनी सरकारच्या न्यायबुद्धीविषयी त्याच्या मनात पूर्ण अविश्वासही नाही. त्यामुळे ‘राष्ट्रीय’ वाचनाला त्याचा मजकूर थोडा गैरसोयीचा ठरतो, आणि ज्या काळात वैद्यांनी तो संपादित केला त्या काळात ही गैरसोय अधिकच जाणवली असणार. पक्ष न पाहता नुकसान मोजणे हा युद्धाविषयीच्या नागरी साक्षीचा पहिला गुण असतो. गोडसे तो तत्त्व म्हणून नव्हे, सवयीने पाळतो.

तौलनिक दृष्टीने येथे दोन समकालीन संहिता शेजारी ठेवण्याजोग्या आहेत. मिर्झा गालिबचे फार्सी ‘दस्तंबू’ मे १८५७ ते जुलै १८५८ पर्यंतच्या दिल्लीची रोजनिशी म्हणून १८५८ मध्येच आग्र्याला छापले गेले. बनारसवर एक सुंदर फार्सी मसनवी लिहिणाऱ्या या कवीने दिल्लीच्या विध्वंसासाठी अरबी शब्द टाळणारी, मुद्दाम घडवलेली प्राचीन वळणाची फार्सी निवडली. तिचा वाचक सरकार होता. निवृत्तिवेतन आणि मानमरातब यांची आशा त्या ग्रंथामागे होती, हे गालिबने कधी लपवले नाही. दिल्लीची खरी हकिगत त्याच्या उर्दू पत्रांत आहे. सरकारला उद्देशून लिहिले की अलंकार वाढतात आणि मित्राला लिहिले की मृतांची नावे येतात, असा हा भेद दिसतो. दुसरी संहिता लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल याची. १८५८ च्या आरंभी हिंदुस्थानात आलेल्या रसेलने लखनौची कैसरबागेतील लूट पाहिली, आपल्याच लोकांच्या सूडबुद्धीवर आणि वंशगर्वावर टीका केली आणि १८६० मध्ये आपली रोजनिशी ग्रंथरूपाने छापली. त्याच्यापाशी वृत्तपत्र होते, पार्लमेंट होते, मतदार असलेला वाचकवर्ग होता. जाब विचारण्यासाठी लागणारी सगळी सामग्री रसेलपाशी होती. नव्हते ते स्वतःचे लुटलेले घर.

गोडसेभटांची स्थिती नेमकी उलट. त्यांना लिहायला पंचवीस वर्षे लागली आणि छापायला मृत्यूची वाट पाहावी लागली. हयातीत छापू नये ही अट आकलनासाठी मध्यवर्ती मानावयास हवी. सरकारची भीती हे तिचे उघड कारण, पण तिचा वाङ्मयीन परिणाम असा की हा ग्रंथ कोणालाच उद्देशून लिहिलेला नाही. ज्याला जाब विचारायचा तो श्रोता संहितेतून गाळलेला आहे. म्हणून तक्रारीचे वाक्य येत नाही, केवळ नोंद येते. काशीच्या पत्रात विनंतीला एक पत्ता तरी होता.

अशा विलंबाला केवळ परकी सत्ता कारण होते असे मानून मराठी अभ्यासकाने समाधान करून घेऊ नये. १९६२ च्या चीन युद्धातील पराभवाची लष्करी चौकशी हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांनी केली. तिच्या निष्कर्षांविषयी संसदेत सप्टेंबर १९६३ मध्ये निवेदन केले ते संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचे वाक्य मराठी मनाला पाठ आहे. तो अहवाल मात्र भारत सरकारने आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. २०१४ मध्ये त्यातील काही भाग एका परदेशी पत्रकाराकडून बाहेर आला, एवढेच. चव्हाणांवरील विपुल मराठी लेखनात धावून जाण्याला जितकी जागा मिळाली तितकी या न उघडलेल्या कागदांना मिळालेली नाही. युद्धाची साक्ष उशिरा येते याचे कारण साक्षीदाराचा भित्रेपणा हे क्वचितच असते. साक्ष घेणारी जागा नसते.

१८५७ च्या वाराणसीत हेच घडले. ४ जून १८५७ रोजी ३७ व्या देशी पलटणीची शस्त्रे काढून घेण्याच्या प्रसंगी गोळीबार झाला, आणि कर्नल नील याच्या कारकिर्दीत शहराभोवतालच्या मुलखात फाशांचे सत्र सुरू झाले. बंडवाल्यांची निशाणे खेळण्यासारखी मिरवणाऱ्या मुलांनाही फाशी दिल्याचे ज्याने लिहिले तो जॉन के हा इंग्रजच होता, आणि त्याच्या इतिहासाचा तो खंड १८७० मध्ये निघाला. घाटावरच्या मराठी घरांनी त्या जून महिन्यात काय पाहिले असेल, याची कल्पना करता येते. पण साहित्यसमीक्षेने कल्पनेच्या आधारे साक्ष तयार करू नये. झाशीला गोडसे होता म्हणून झाशीची यादी मराठीत आहे.

युद्ध संपले आणि त्याचे बिल आले. बंड मोडण्याचा खर्च हिंदुस्थानच्याच महसुलावर टाकण्यात आला. म्हणजे ज्या झाशीच्या घरांतून भांडी गेली, त्याच घरांच्या सारा-पट्टीतून ती नेण्याचा खर्चही वसूल व्हायचा होता. १८५८ च्या ज्या कायद्याने कंपनीचा कारभार राणीच्या सरकारकडे गेला त्याच्या ५५ व्या कलमाने एक निर्बंध घातला : स्वारी परतवणे किंवा तातडीचे संकट सोडल्यास, हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरील लष्करी कारवाईसाठी हिंदुस्थानचा महसूल पार्लमेंटच्या संमतीवाचून खर्च करू नये. कागदावर का होईना, युद्धाचा जाब कोणाला विचारायचा याचे उत्तर येथे प्रथमच मिळाले. १९०३-०४ च्या तिबेट मोहिमेच्या वेळी ते तपासूनही पाहिले गेले. १९०४ च्या मुंबई अधिवेशनात काँग्रेसने त्या खर्चाविरुद्ध ठराव केला.

या कलमाच्या भाषेत जो मराठी लेखक सर्वांत सहजपणे वावरला तो गोपाळ कृष्ण गोखले. त्यांची तयारी मात्र एका पराभवातून झाली होती आणि तो पराभव साक्षीचाच होता. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे लष्करी व इतर खर्चाविषयी साक्ष देण्यासाठी ते विलायतेत असताना पुण्याहून त्यांना प्लेगच्या बंदोबस्तावरील गोऱ्या सोजिरांच्या अत्याचारांची पत्रे आली. त्या आधारे त्यांनी तेथील वृत्तपत्रातून आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला. पत्रलेखकांपैकी कोणी पुढे येण्यास तयार नव्हते, नावे उघड करणे गोखल्यांना मान्य नव्हते, आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. या माफीची चर्चा मराठीत बहुतेक मवाळ-जहाल वादाच्या चौकटीत, गोखल्यांच्या धैर्याचे मोजमाप म्हणून झाली. तिचा गोडसेभटांच्या अटीशी असलेला संबंध अधिक महत्त्वाचा वाटतो. सैनिकाविरुद्ध साक्ष द्यायला माणूस धजत नाही, आणि हयातीत छापू नये म्हणतो. पुढच्या सात-आठ वर्षांत गोखल्यांनी आपल्या प्रतिपादनाचा पाया बदलला. माणसाची साक्ष मोडता येते, सरकारच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातील आकडा मोडता येत नाही. १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणात, दुष्काळाने पोळलेल्या देशात शिलकी अंदाजपत्रक कसे निघते, हा त्यांचा प्रश्न या नव्या पद्धतीचा पहिला मोठा आविष्कार होय.

डिसेंबर १९०५ मध्ये काँग्रेसचे एकविसावे अधिवेशन बनारसला भरले आणि एकोणचाळीस वर्षांचे गोखले अध्यक्ष होते. हे भाषण वंगभंगाच्या निषेधासाठी आणि कर्झनची औरंगजेबाशी केलेल्या तुलनेसाठी लक्षात राहिले. त्याच भाषणात वीस वर्षांत लष्करी खर्च जवळजवळ दुपटीला गेल्याची तक्रार आहे, आणि शेवटाकडे तातडीच्या सुधारणांची जी यादी आहे तिच्यात लष्करी खर्चातील कपात ही मागणी प्राथमिक शिक्षणाच्या प्रसाराच्या मागणीला लागून येते. हे सान्निध्य अर्थपूर्ण आहे. बंदूक की पाटी, असा निवाडा गोखले शब्दांत करत नाहीत. दोन बाबी एकाखाली एक लिहितात आणि वाचकाला वजाबाकी करू देतात. झाशीतल्या यादीचा आणि या यादीचा आकृतिबंध एकच आहे, हे म्हणणे प्रथमदर्शनी ओढूनताणून केलेले वाटेल. पण दोन्हीकडे भावना क्रमात मांडली आहे, विशेषणांत नव्हे.

प्रसंगाचाही विचार करावयास हवा. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कर्झनने राजीनामा दिला होता तो सरसेनापती किचनेरशी झालेल्या संघर्षामुळे. लष्करी कारभारावर मुलकी सत्तेचा अंकुश किती असावा, हा त्या भांडणाचा तात्त्विक गाभा. मुलकी अंकुशाची बाजू घेणारा व्हाइसरॉय स्वतः मात्र ज्यांच्या पैशावर फौज पोसली जात होती त्यांना कोणतेही उत्तर देणे लागत नव्हता. म्हणजे भांडण अंकुश कोणत्या हातात असावा एवढ्यापुरते होते, अंकुशाला अंकुश नव्हता. पुढे १९०६ च्या अंदाजपत्रकावर बोलताना गोखल्यांनी जपानने केलेला रशियाचा पराभव आणि इंग्लंड-जपान तह यांचा आधार घेऊन, आता किचनेरची पुनर्रचनेची योजना तहकूब ठेवावी असे सुचवले. धोका कमी झाला तर तयारीचा खर्च कमी का होत नाही, हा साधा प्रश्न आजही कोणत्याही संरक्षण-अंदाजपत्रकाला विचारण्यासारखा आहे, आणि तो क्वचितच विचारला जातो.

कांटने १७९५ च्या शाश्वत शांततेवरील निबंधात युद्धासाठी काढलेल्या राष्ट्रीय कर्जावर बंदी सुचवली होती. युद्धाचा भार ज्यांनी सोसायचा त्यांची संमती घ्यावी लागली तर युद्धे सहजासहजी सुरू होणार नाहीत, असाही त्याचा युक्तिवाद होता. गोखल्यांनी हा निबंध वाचला होता की नाही हा प्रश्न गौण आहे. साम्यापेक्षा भेद अधिक बोलका आहे. कांटचा नागरिक संमती देणारा आहे, गोखल्यांचा करदाता संमतीविना पैसे भरणारा. म्हणून कांट भविष्यकाळात बोलतो आणि गोखल्यांना झालेल्या खर्चाच्या भूतकाळात बोलावे लागते. हिशेब हा नेहमी नंतरच असतो, ही त्या पद्धतीची मर्यादा झाली. शिवाय गोखल्यांना युद्धविरोधक म्हणणेही अचूक नाही. हिंदी लोकांना लष्करात अधिकारपदे मिळावीत अशीच त्यांची मागणी होती. फौज असावी, पण ती कोणाची, किती आणि कोणाच्या संमतीने, हा त्यांचा वाद होता.

एक आक्षेप येथे अपेक्षित आहे. गोखल्यांचे भाषण इंग्रजीत आहे. ते मराठी युद्धविषयक लेखनाच्या परंपरेत कसे बसवायचे? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ‘लेखक मराठी होता’ एवढ्याने होत नाही. उत्तर असे देता येईल की जाबाला अधिकार मिळाला तेव्हा त्याची भाषा बदलली. विनंती मराठीत झाली, नोंद मराठीत झाली, मागणी इंग्रजीत झाली, कारण मागणी ऐकून घेणे ज्याच्यावर कायद्याने बंधनकारक होते तो श्रोता इंग्रजी होता. ही मराठीची उणीव नव्हे, श्रोत्याचा परिणाम आहे. परंतु तिची किंमत मराठीने मोजली. लष्करी खर्च, संमती, तहकुबी या शब्दांना अंदाजपत्रकाबाहेर, कथा-कादंबरीच्या गद्यात घर मिळाले नाही. युद्ध म्हटले की मराठी गद्य पोवाड्याच्या सुराकडे वळते याचे एक कारण हे असावे.

काशीत मात्र या आकड्यांच्या भाषेला आणखी एक वाट सापडली. बंगालमध्ये वाढलेले मराठी लेखक सखाराम गणेश देउस्कर यांनी १९०४ मध्ये ‘देशेर कथा’ हा बंगाली ग्रंथ लिहिला. देशाच्या दारिद्र्याची मीमांसा त्यात आकडेवारीने केली होती. देउस्करांचे भाचे बाबूराव विष्णू पराडकर यांचा जन्म १८८३ मध्ये काशीतल्या मराठी घरात झाला. पुढे १९२० पासून ‘आज’ या दैनिकाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, तेच हे पराडकर. मामाचा बंगाली ग्रंथ त्यांनी ‘देश की बात’ या नावाने हिंदीत नेला. एका मराठी घराण्याने मराठीला वळसा घालून हिशेबाची भाषा बंगालीतून हिंदीत पोचवली, ती गोखल्यांच्या भाषणाहून फार मोठ्या वाचकवर्गापर्यंत. बंगाल सरकारने १९१० मध्ये ‘देशेर कथा’वर बंदी घातली. पुस्तकातला कोणता आकडा चुकीचा आहे हे दाखवण्याची आवश्यकता त्यासाठी भासली नव्हती.